फाईनला रकाना नाही

समाधान दवाखान्यात आला होता तो दुसऱ्यालाच घेऊन. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर जलाल याला चक्कर आली, म्हणून वेल्डर समाधान त्याला धरून आखातातल्या अबकैकच्या कॅम्पमधल्या दवाखान्यात आला. नर्स अमिताने जलालचं बीपी बघितलं, आणि मग तिची नजर समाधानच्या बाहीवर गेली. बाही जळून हाताला चिकटली होती.

"हे काय?"

"काही नाही सिस्टर. फाईन."

"दुखणं किती? शून्य ते दहात आकडा सांगा."

"फाईन म्हटलं ना."

"फाईन लिहायला रकाना नाही इथे," ती म्हणाली. मराठीत. मंगळवेढ्याच्या त्या माणसाने चमकून वर बघितलं... आणि सांगितलं, "सात."

मग एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू झालं. तीन आठवडे. बाहेर धुळीचं वारं, आत एसीची घरघर, आणि तिची हलकी बोटं. बँडेज लवकर संपू नये म्हणून तो काहीतरी विचारत राहायचा.

"या फाईनचे अर्थ तरी किती हो?"

"जलालभाईंना विचारा. परवा सिग्नल तोडला, तर केवढा फाईन पडला त्यांना."

"आणि ही धूळ?"

"तीही फाईनच. मैद्यासारखी."

"आणि बाईमाणूस तोंड फिरवून फाईन म्हणते तेव्हा?"

"तेव्हा समोरच्याने गप्प बसावं," ती म्हणाली, आणि गाठ जरा जास्तच आवळली.

आकडा उतरत गेला. सात, पाच, तीन. अमिताला त्याचा आनंद व्हायला हवा होता. सहा वर्षं नर्सिंग केल्यावर एवढं तर कळायला हवं.

मग कंपनीचा एक फॉर्म आला. समाधानची बदली जिझानला, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. आज हात बरा लिहिला, तर उद्या सकाळची बस.

"पाच म्हटलं तर?" त्याने विचारलं.

"आठवडाभर इथेच."

"लिहाल?"

तिने त्याच्या हातावरून बोट फिरवलं. कातडी नवी, गुलाबी, कोरडी. कुठे दाबलं तरी तो हलला नाही. पाच लिहायला तिचं पेन किती उतावीळ होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

"नाही," ती म्हणाली.

"वाटलंच होतं. म्हणून तर..." तो थांबला. "शून्य लिहा."

तिने लिहिलं. सही केली. कागद पुढे सरकवला. तो उठेना.

"आता तुमचा सांगा."

"माझा काय?"

"आकडा."

सहा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. कऱ्हाडला आई फोनवर विचारायची, बरी आहेस ना? आणि ती म्हणायची, फाईन गं.

"मी... फाईन आहे."

"सिस्टर, त्याला रकाना नाही."

अमिताने कापसाचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"आठ," ती हळूच म्हणाली.

तो हसला नाही. फक्त मान हलवली, एखादी मोठी गोष्ट नीट ठेवून घ्यावी तशी. "जिझानहून रोज फोन करीन. हेच विचारायला. शून्य होईपर्यंत."

"आणि मी शून्य कधी सांगितलंच नाही तर?"

"मग काय... जन्मभर विचारत बसावं लागेल," तो म्हणाला. "माझी तयारी आहे. तुमची?"

तिने त्याच्याच फॉर्मच्या कोपऱ्यावर आपला नंबर लिहिला, तेवढा तुकडा फाडला, आणि त्याच्या बऱ्या झालेल्या हातावर ठेवून त्याची मूठ मिटली. मिटलेली मूठ सोडायला दोघांनाही वेळ लागला.

तो गेला, आणि बीपी दाखवायला जलाल आत आला. खुर्चीत टेकत त्याने नेहमीसारखंच विचारलं, "सिस्टर, सब फाईन?"

"सात," अमिता म्हणाली, आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधता बांधता हसली.