डाव्या खिडकीतला हात

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवून द्यायचं नाही. जे झालं ते सांगते, एवढंच.

आणि आधीच सांगून ठेवते, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावास्या नाही, सुनसान रस्ता नाही. भर दुपारची, भर रस्त्यातली, चार लोकांच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

मी टोमॅटो चालवायचे.

हसा. सगळेच हसतात. सॉस बनवणाऱ्या कंपनीची जाहिरातीची गाडी होती ती. खालून साधा टेम्पो, वरून खोलीएवढा लाल फायबरचा टोमॅटो आणि डोक्यावर हिरवा देठ. गावोगाव हिंडायचं, बाजारात, शाळेसमोर थांबायचं, सॉसच्या पुड्या फुकट वाटायच्या. वर्षातले दहा महिने आम्ही रस्त्यावर असायचो.

आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे.

यांची नजर अधू, म्हणून लायसन्स माझ्याकडे. मी उजवीकडे स्टेअरिंगवर, हे डाव्या खिडकीत. कंपनीचा पहिला नियम असा, की रस्त्यावर जो कोणी टाटा करेल त्याला उलट टाटा करायचाच. एकही माणूस सुटता कामा नये. आता टोमॅटो रस्त्यावरून चाललेला बघून टाटा कोण करणार नाही? सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत यांचा डावा हात खिडकीबाहेर.

"लोकांचं पोट हातावर असतं असं नुसतं म्हणतात," हे म्हणायचे. "माझं खरोखरच आहे, ड्रायव्हरसाहेब."

मी करवादले की मला ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. म्हणजे दिवसातून दहादा तरी.

गाडी थांबली की मात्र हात आत. "इंजिन बंद, ड्युटी बंद." मग कुणी कितीही हाका मारू दे, थांबलेल्या गाडीतून यांनी कधी टाटा केला नाही. हे लक्षात असू द्या.

तो मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले होते.

"हात भरून आलाय गं," हे म्हणाले. "खांद्यापासून पार बोटांपर्यंत."

मी हसले. खरंच हसले. दिवसाला हजार-दोन हजार टाटा करणाऱ्याचा हात दुखणार नाही तर काय होणार? तरी पेट्रोल पंपावर गाडी घेतली, पिशवीतली मलमाची डबी काढली, हात चोळून दिला. यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. उन्हाळाच होता. माझाही झाला होता.

"आजच्या दिवस नाही केला टाटा तर?" यांनी विचारलं.

"आणि कुणी कंपनीत कळवलं तर? आधीच बाजाराला उशीर झालाय. नखरे पुरे. हलवा हात."

हे माझे शब्द. हलवा हात. त्यानंतर मी यांच्याशी बोलले नाही, फुरंगटून बसले.

आमच्या दोघांच्या मध्ये सॉसच्या पुड्यांची खोकी असायची, पार डोक्यापर्यंत रचलेली. मला यांचे फक्त केस दिसायचे. पण बघायची गरजच नव्हती. रस्त्याच्या कडेला पोरं नाचत होती, बायका हसत होत्या, सगळे टाटा करत होते. लोक हसतायत म्हणजे हे टाटा करतायत, इतकं साधं होतं.

चार किलोमीटरवर बाजार आला. मी इंजिन बंद केलं.

हात आत आला नाही...

मी उतरले, वळसा घालून डाव्या बाजूला गेले. हात खिडकीच्या काठावरून बाहेर लोंबत होता. मलमाचा वास तसाच येत होता.

"हार्ट अटॅक," डॉक्टर म्हणाले. "बाजारात पोचायच्या बऱ्याच आधी गेलेत. डावा हात दुखतोय असं काही बोलले नव्हते का?"

बोलले होते हो. मला बोलले होते.

त्या चार किलोमीटरमध्ये किती जणांनी त्या हाताला टाटा केला, देव जाणे. रस्ता खराब होता. गाडीला हिसका बसला की हात हलायचा, आणि लोक हसायचे.

दीड महिन्याने मी पुन्हा गाडीवर गेले. घर खायला उठत होतं. कंपनीचे साहेब म्हणाले, "बाई, एकटीने जमेल?" मी म्हटलं, न जमायला काय झालं. डावी काच वर केली, हँडल घट्ट आवळलं आणि निघाले. टाटा मी उजव्या हाताने करायचे, जमेल तसा.

तिसऱ्या दिवशी सिग्नल सुटल्यावर एक आई लेकराला कडेवर घेऊन फुटपाथवर उभी दिसली. लेकरू टाटा करत होतं. मी हात वर केला.

ते माझ्याकडे बघतच नव्हतं...

डाव्या खिडकीकडे बघत होतं. आणि खुदकन हसलं, उलट टाटा मिळाल्यावर मुलं हसतात ना, तसं.

लहान मूल ते, म्हणून मी सोडून दिलं. दुपारी बघते तर डावी काच खाली. ते हँडल इतकं जाम होतं की फिरवायला दोन हात लागायचे.

मी काच वर केली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत खाली. तिसऱ्या दिवशी मी ती वर करायचं सोडून दिलं.

मग हे रोजचंच झालं. डावीकडचे लोक डाव्या खिडकीला टाटा करायचे. हसायचे. आणि मान वळवावी तर मला खोकी दिसायची. मी खोकी उतरवून मागे टाकली. सीट मोकळी. आणि तरीही लोक हसतच होते.

एकदा एका चौकात वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली. गाडी हळू केली, तर तो चालता चालता डाव्या खिडकीशी आला.

"काकांना सांगा, हात आत घ्या. बस येतेय बाजूने."

"कोणते काका?" मी विचारलं.

तो वाकला. आत बघितलं. सीटकडे, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो मागे सरकला आणि नुसताच हाताने म्हणाला, जा.

मी पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेतली आणि पहिल्यांदा धाय मोकलून रडले. भीतीने नाही. अख्ख्या जगाला हे दिसतायत, आणि एकतीस वर्षं यांच्या शेजारी बसलेल्या मला तेवढे दिसत नाहीत.

मला फार काही नको होतं. एकदा दिसावेत. एकदा म्हणायचं होतं, अहो, चुकलं माझं. हात आत घ्या. पुरे झालं.

मी काय काय केलं विचारू नका. गाडी उभी करून डाव्या बाजूला रस्त्यावर उभी राहिले आणि वेड्यासारखा हात हलवत बसले. काहीच नाही. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिन बंद, ड्युटी बंद. हे चालत्या गाडीतूनच टाटा करणार. आणि गाडी चालती ठेवायची तर मी आत. मी आत असले की मला ते दिसणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडली.

माझ्या जागी आले ते पन्नाशीचे, झुपकेदार मिशांचे गृहस्थ होते. आधी ट्रक चालवायचे. त्यांना मी यांच्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. किल्ली दिली, पहिला नियम सांगितला आणि म्हटलं, "भाऊ, एक काम करा. त्या पेट्रोल पंपापासून बाजारापर्यंत एक फेरी मारा. मी वाटेत रस्त्याला उभी असेन. हळू न्या."

"न्यायला नेतो, ताई. पण शंभर माणसं बघणार, मिशा ठेवून टोमॅटोत बसायला लाज वाटते हो."

मी बाजाराच्या अलीकडे, डाव्या कडेला उभी राहिले. दुपारचे बारा वाजले असतील. रस्त्यावर मी एकटीच.

लांबून तो लाल गोळा येताना दिसला. मी दोन्ही हात वर करून हलवायला लागले. गाडी जवळ आली. डावी काच खाली होती.

खिडकी रिकामी...

"अहो," मी ओरडले. "हात आत घ्या. चुकलं माझं."

गाडी गेली. मिशीवाल्या भाऊंनी पलीकडून टाटा केला. डाव्या खिडकीत काहीच नव्हतं, सीटचं फाटकं रेक्झिन तेवढं दिसलं.

मी तिथेच मटकन खाली बसले. म्हटलं, संपलं. गेले ते.

दहा मिनिटांत भाऊ गाडी वळवून परत आले. खाली उतरले, इकडेतिकडे बघितलं.

"ते कुठे गेले?"

"कोण?"

"तुमच्या शेजारी उभे होते ते. जाड भिंगाचा चष्मा. त्यांनीही टाटा केला, म्हणून मी नियमाप्रमाणे दोघांनाही केला."

माझ्याबरोबर उतरले होते. मी गाडी सोडली आणि हेही उतरले.

"कसे होते?" मी कसंबसं विचारलं. "हसत होते?"

भाऊंनी जरा विचार केला.

"हसत होते खरे. पण टाटा उजव्या हाताने केला, ताई. डावा हात असा छातीशी घट्ट धरला होता. दुखत असावा फार."

याला दोन वर्षं झाली. मी आता बसने जाते-येते. खिडकीची जागा मिळाली तरी घेत नाही, माझ्या डावीकडची यांच्यासाठी सोडून बसते. मलमाची डबी कायम पर्समध्ये असते.

अधूनमधून एखादं पोर माझ्या डावीकडे बघतं आणि टाटा करायला लागतं. हसतं. पण लोक हसतायत म्हणजे हे बरे आहेत, असं मी एकदा धरून चालले होते. आता मला ते धरवत नाही.

मी डबी उघडते, बोटावर मलम घेते आणि हळूच डावीकडे हात नेते. चोळायला.

हाताला काहीच लागत नाही.