कोकमाची शेवटची काडी

हवेत धरलेला कागदही सर्रकन कापणारा चाकू! मग त्याने केलेली पाचही कलमं वाळली कशी?

चंद्रावरच्या आमच्या काचबागेत दोन दिवस हेच कोडं चाललं होतं. इंदुआत्या, म्हणजे माझी वनस्पतिशास्त्रज्ञ आत्या, मूळची वेंगुर्ल्याची. तिने येताना कोकमाच्या सहा काड्या आणल्या होत्या. बीपासून उगवलेलं कोकम नर निघालं तर फळ धरत नाही, म्हणून फळणाऱ्या झाडाची काडी खुंटावर (मुळं असलेल्या रोपावर) जोडायची. पाच गेल्या. शीतपेटीत एकच उरली होती आणि पुढचं यान वर्षाने येणार होतं.

आत्या हळहळत होती आणि मी गप्प होते. गप्प असण्याला कारण होतं.

आमचा यंत्रमानव गुंड्या मदतीला धावला. "चाकूला धार लावताना मला..."

"मी सांगितलं होतं!" मी ओरडलेच. "आत्या, स्वयंपाकघरातल्या सुरीसारखा दोन्ही बाजूंनी सारखा घास, असं मीच त्याला सांगितलं."

बोलून टाकल्यावर निम्मं ओझं उतरलं. निम्मं मात्र आत्याच्या तोंडाकडे बघत राहिलं.

"अगो शाल्मली, हे आधी नाही का सांगायचं?" ती रागावली नाही, उलट हसली. "म्हणजे काड्या चांगल्या होत्या तर!"

तिने एक फालतू फांदी तिरपी कापली आणि कापावर पट्टी टेकवली. पट्टीखालून उजेड दिसत होता.

"कलमाच्या चाकूची एक बाजू सपाट असते. ती लाकडाला टेकून चालते, म्हणून काप सरळ येतो. दोन्हीकडे उतार केला की पातं भरकटतं आणि काप खोलगट होतो."

"पण थोडा खोलगट झाला तर काय बिघडलं?"

"सालीखाली एधा असते (नव्या पेशी तयार करणारा पातळ थर). काडीची आणि खुंटाची एधा एकमेकींना चिकटली तर जोड धरतो. मध्ये फट राहिली की काडी वाळते."

मग कुरुंदाचा दगड भिजवून मी सपाट बाजू त्यावर पूर्ण टेकवून घासली. हात भरून आले. दुसऱ्या बाजूला फक्त धारेजवळ उतार दिला. कडेला केसाएवढी बारीक किनार वळली होती, ती सपाट बाजूच्या एका हलक्या घासाने निघाली. पातं पुसून तेलाचं बोट फिरवायला आत्याने लावलंच. कापण्याआधी ते तेलही पुसायला लावलं.

नवा काप पट्टीला नीट बसला. उजेड कुठेच नाही. मग आत्याने शेवटची काडी खुंटावर घट्ट बांधली.

सोळाव्या दिवशी सकाळी गुंड्या बागेतून ओरडत आला, "लाल! लाल!" मी अनवाणीच पळाले. काडीच्या टोकाला कोवळी तांबूस पानं फुटली होती. माझा जीव भांड्यात पडला आणि मी आत्याच्या गळ्यात पडून रडले.

आता हे झाड मोठं झालं की त्याच्या काड्या मंगळावरच्या वसाहतीला पाठवायच्या आहेत. सोबत चाकूही जाईल. त्याच्या सपाट बाजूला चिकटवायची चिठ्ठी मी आजच लिहून ठेवली आहे: "ही बाजू सपाटच ठेवा. आणि चुकलात, तर लगेच सांगा."