जोडकोशाची तार

लोककलेचा जन्म लोकांच्या दुःखातून होतो, असं आमच्या जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात पहिल्याच पानावर छापलंय. आमच्या 'टकटूक'चा जन्म दारांतून झाला. कापणीनंतर चार गाणाऱ्या शेतकऱ्यांनी भात झोडपायची लाकडी पिंपं उपडी घातली, शेजाऱ्यांची दारं काढून त्यांवर टाकली, आणि रंगमंच तयार. बांबूच्या चिपळ्या टक-टूक वाजत, म्हणून टकटूक. दुःख झालंच असेल तर शेजाऱ्यांना. खेळ संपेपर्यंत बदकं घरभर हिंडत होती.

पुढं सतरा वर्षं टकटूक पुरुषांचंच. राजकन्याही पुरुषच, बहुधा दाढी करून आलेली. मग चहाच्या एका व्यापाऱ्यानं मुलींची मंडळी काढली.

त्या मंडळीतली रुइशिया ज्या होडीतून तालमीला निघाली, त्याच होडीत मंडळीचा सारंगीवाला मुशंग होता. दिवस आलुबुखार पिकण्याचे, पाऊस चिकट. त्यानं अंगावरचा तेलकागद काढून दोन तारांच्या सारंगीला गुंडाळला होता आणि स्वतः निथळत होता.

"तुम्ही भिजलात तर चालतं वाटतं?" तिनं विचारलं.

"मी वाळतो. ही भिजून वाळली की बेसूर होते."

"आणि तुम्ही?"

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "मी... मी गात नाही."

त्या दिवशी तो नदीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहत होता. तिनं ते नदीकडे पाहत पाहिलं.

तालमीत पंचाईत झाली. सारंगी लावलेली पुरुषांच्या पट्टीत. मुली खाली गायल्या की आजारी म्हशी, वर गायल्या की मांजरी. रुइशियाला तर तरुण पंडिताचं काम, नायकाचं. पहिल्याच ओळीला तिचा आवाज फाटला.

व्यापारी शांतपणे म्हणाला, "देवळाच्या जत्रेत लोक घरून आणलेली स्टुलं उचलून निघाले, तर मंडळी बंद. मुली आपापल्या कामावर परत."

रुइशियाचं काम रेशमाच्या गिरणीत होतं. उकळत्या पाण्यातून कोश काढून काढून तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. ती सरळ मुशंगपुढं जाऊन बसली.

"सारंगीवाले, पट्टी बदला."

"ही पट्टी माझ्या वडिलांनी लावली."

"त्यांना बोलवा. मी त्यांच्याशी बोलते."

"ते वारलेत."

"मग त्यांची हरकत नसावी."

तो हसला नाही, पण खुंट्या पिळू लागला. ती गात गेली, तो सूर चढवत गेला. म्हैस आणि मांजर यांच्या मधोमध कुठंतरी तिचा आवाज मोकळा सुटला... आणि तार तुटली. दुसरी लावली, तीही तुटली.

"तुझा आवाज पेलेल अशी तार बाजारात मिळत नाही," तो म्हणाला.

"हे कौतुक की तक्रार?"

"अजून ठरलं नाही."

चार दिवसांनी तिनं त्याच्या हातावर एक पुडी ठेवली. आत स्वतः पिळलेली तार. जाड, गाठाळ. मुशंगनं ती बोटावरून फिरवली आणि त्याचे कान लाल झाले. दोन किडे मिळून एकच कोश विणतात, त्या जोडकोशाचं रेशीम होतं ते. आमच्या खोऱ्यात मुलगी मुलाला ते देते, तेव्हा लग्न ठरलं असंच समजतात.

"रुइशिया... याचा अर्थ माहीत आहे ना तुला?"

"अर्थ नंतर. आधी तार लावा."

तार टिकली. गाठींमुळं सूर जरा खरखरीत येई, ओल्या लाकडासारखा, आणि तिचा आवाज त्यावर अलगद बसे.

जत्रेच्या दुपारी देवळापुढं पुन्हा पिंपं, पुन्हा दारं. पंडिताच्या वेषात ती आली तेव्हा पुढच्या रांगेतली म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बाप्याचं काम पोरी करणार. चल गं, घरी शेवया भिजत पडल्यात." आणि तिनं स्टूल उचललं.

रुइशियानं ते पाहिलं. मुशंगकडे एकदा पाहिलं. त्यानं गज ओढला. ती गायली, घाई न करता, जणू परत जायला जागाच नाही.

दुसऱ्या कडव्यापर्यंत म्हातारी स्टूल काखेत धरून उभीच होती. तिसऱ्याला तिनं ते खाली ठेवलं. शेवया बहुधा वाया गेल्या.

खेळ संपल्यावर रुइशिया नायकाची टोपी काखेत मारून त्याच्याजवळ आली. खोटी मिशी अजून तशीच होती.

"आता सांगा अर्थ."

"मिशी काढ आधी," तो म्हणाला. "असं... मला अवघड जातं."

"मी सारंगीची पट्टी बदलली. तुम्ही एवढं तरी जमवा."

त्यानं जमवलं. मिशीकडे पाहतच लग्नाचं विचारलं, आणि ती "हो, अहो" म्हणाली. त्या 'अहो'वर मुलींची अख्खी मंडळी पडद्यामागं खिदळली.

आज टकटूकची प्रत्येक सारंगी त्याच पट्टीत लागते. तीसेक वर्षांनी शहरातून एक प्राध्यापक आले. जोडकोशाची तार म्हणजे दोन जिवांच्या मीलनातून जन्मलेली स्वरभाषा, असं त्यांनी रुइशियाला समजावलं, आणि तेच रेशीम का निवडलं म्हणून विचारलं.

ती बांबूचे कोंब सोलत होती.

"चांगलं रेशीम गिरणीच्या फाटकावर झडतीत काढून घ्यायचे," ती म्हणाली. "जोडकोश टाकाऊ. ते घरी नेऊ द्यायचे."