जावयाने आणलेलं पत्र

मेहिटेबल क्रेन धापा टाकत मॅजिस्ट्रेट टिल्डन यांच्या दारात उभी राहिली.

"साहेब, आत्ताच्या आत्ता चला. जेनेसीहून जावई आलाय, केझायाच्या वाटणीची जमीन मागतोय. आमचे हे सही करायला बसलेत!"

"मुलीचं काय म्हणणं?"

"तिचं पत्र आणलंय त्यानं. यांनी वाचून दाखवलं. अक्षर तिचंच म्हणतात. पण माझा जीव थाऱ्यावर नाही."

टिल्डननी वाटेत शिपायाला सोबत घेतलं.

घरात मेहिटेबलचा म्हातारा नवरा ओबादाया लेखणी तासत होता. त्याच्या बाजूला जावई रूबेन फिच निवांत मक्याची लापशी खात होता. टिल्डननी पत्र उचललं. तारीख एप्रिल १७९८.

'आई-बाबा, मी खुशाल आहे. आजीला हातमोजे बसले का?'

"हे कधी लिहिलं तिनं?"

"तीन आठवडे झाले. माझ्यासमोर."

टिल्डननी ओबादायाकडे बोट केलं. "यंदा जानेवारीत आजी गेल्याचं यांनी कळवलं होतं. ते पत्र पोचलं?"

"पोचलं की. दिवसभर रडली बिचारी."

ओबादायाच्या हातातली लेखणी थांबली.

"मग एप्रिलमध्ये ती मेलेल्या आजीच्या हातमोज्यांचं कसं विचारते, जावईबुवा?" टिल्डननी विचारलं.

रूबेनने चमचा खाली ठेवला. "विसरली असेल. दिवस गेलेत तिला."

टिल्डननी कागद खिडकीशी धरला. तारखेपाशीच उजेड आरपार आला. "सालाचा शेवटचा आकडा चाकूने खरवडून वर आठ काढलाय. पत्र निदान वर्षभर जुनं आहे. केझाया हयात असती, तर तू नवंच लिहून घेतलं असतंस. ती नाही, हे इथे कळलं तर जमीनही नाही. कुठे आहे ती?"

रूबेन दाराकडे झेपावला. शिपायाने त्याला उंबऱ्यातच आडवा केला.

"निघाली होती!" तो ओरडला. "बोचकं बांधून! मी नुसतं अडवलं... डोकं आपटलं तिचं."

त्याच्या खोगिराच्या पिशवीत आणखी पाच पत्रं निघाली. अक्षर केझायाचंच. एकही टपालात पडलं नव्हतं.

"ही का नाही दिलीस?" ओबादायाने विचारलं.

"देण्याजोगं एकच होतं," टिल्डन म्हणाले.

मेहिटेबलने पाचही पत्रं नवऱ्यापुढे सरकवली. "वाचा."

ओबादायाने पहिलं उलगडलं. त्याने एकच ओळ वाचली.

"बाबा, मला न्यायला या."

"दुसरं," ती म्हणाली.

त्याने उरलेली चारही उलगडून पाहिली.

"तेच आहे, मेहिटेबल. सगळ्यांत तेच आहे."