समासातला ठिपका

भूत म्हणू नका, मी तसं म्हणत नाही. जे झालं ते माझ्या मामेभावाला झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं तसं मी वहीत उतरवून ठेवलं, म्हणून वेळसुद्धा सांगतो. मंगळवार, अकरा तारीख, रात्रीचे आठ वाजून वीस मिनिटं.

“काका, भूत आठ वाजता येतं होय?”

तुझ्यासारखं उशिरा उठत नसेल. गप्प ऐक.

मामेभाऊ आम्ही शिकलो त्याच शाळेत क्लार्क. शाळा फादरांची. सत्ताविसाव्या वर्षी ते आपला देश सोडून इथे आले, इथली भाषा पोरांकडूनच शिकले. “मुलीलाही पाठवा” म्हणत घरोघर उंबरे झिजवले. एकोणपन्नास वर्षं. शेवटी आजारपणात त्यांना मायदेशी नेलं, ते तिथेच वारले. त्यालाही तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती.

त्यांची एक सवय होती. वहीत चूक दिसली की लाल रेघ नाही. समासात पेन्सिलीनं एक ठिपका. “शोध,” एवढंच म्हणायचे. चूक आपली आपण शोधून दुरुस्त केली, की त्या ठिपक्याभोवती गोल काढायचे. माराची नाही इतकी त्या ठिपक्याची धास्ती.

तर त्या दिवशी मोठ्या बाईंनी मामेभावाला सांगितलं, “भाऊसाहेब, प्रवेशाचं जुनं रजिस्टर उद्या सकाळी सातला बघायचंय. तुमच्या अर्जासाठी.” याला ते परवडणारं नव्हतं. कारण उघड होतं. निवृत्ती महिन्यावर आलेली, मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं बाकी. यानं रजिस्टरातलं स्वतःचं जन्मसाल ब्लेडनं खरवडून दोन वर्षं पुढचं लिहिलं होतं, आणि त्या जोरावर नोकरी वाढवून मागितली होती.

खरवडलेलं दिसतंय का, ते बघायला तो रात्री गेला. रजिस्टर फादरांच्या खोलीत, कपाटात. किल्ली एकच, त्याच्याकडे.

पान उघडलं. त्याच्या नोंदीसमोर, समासात, ठिपका.

हे बाईंचंच काम, असं त्याला वाटलं. दुसरी किल्ली करून घेतली असणार. आपल्याला खेळवतायत. त्यानं रबर काढलं, ठिपका खोडला, कीस फुंकला. रजिस्टर मिटलं. मग उगाच पुन्हा उघडलं.

ठिपका होता.

पुन्हा खोडला. या वेळी नजर हलवली नाही. मागे खुर्ची सरकली...

“कोण? बाई?”

वळला. खुर्ची रिकामी. टेबलापासून हातभर लांब. पानाकडे पाहिलं.

ठिपका.

“फादर...” तो म्हणाला. “मुलीच्या शिक्षणासाठी केलं हो.”

मग त्यानं पेन उघडलं. खोट्या सालावर काट मारली. खरं लिहिलं. खाली सही केली. कपाट लावलं, खोली लावली, किल्ली उशाखाली घेऊन झोपला.

सकाळी सातला बाईंसमोर कुलूप काढलं आणि सगळं कबूल केलं. बाईंनी पान पाहिलं.

“सही तुमची. आणि हा गोल?”

ठिपक्याभोवती गोल होता.

“दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे ना?” यानं विचारलं.

“भाऊसाहेब, या खोलीत मी आज पहिल्यांदा पाय ठेवतेय.”

महिनाअखेर तो घरी बसला. मुलीनं शिकवण्या घेत कॉलेज पुरं केलं. आता ती त्याच शाळेत शिकवते.

“संपली?”

नाही. त्याच पानावर, चार ओळी खाली, माझं नाव आहे. आम्ही एकाच दिवशी शाळेत गेलो. त्याच सकाळी बाईंनी मला बोलावून दाखवलं. माझ्या नावासमोर...

“ठिपका? काका, तुम्ही काय केलं होतं?”

...

“काका?”

गेल्याच आठवड्यात जाऊन पाहिलं. ठिपका आहे. गोल नाही.