तारीख नावाचा रकाना

त्याने ओली बाटली माझ्या कागदांवर ठेवली आणि आमची ओळख झाली.

आरोग्य केंद्राची ती खोली मी सकाळपासून लावत होते. डावीकडे रुग्णांच्या माहितीचे कोरे अर्ज, मधोमध भरलेले, उजवीकडे तपासून झालेले. वसतिगृहातल्या त्रेसष्ट मुलामुलींना जुलाब-उलट्यांनी गाठले होते. साथ कुठून आली हे शोधायला विद्यापीठाने आम्हा सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना जुंपले होते. एवढ्यात हा उंच, बुटांतून पाणी गळणारा माणूस आत आला आणि अठ्ठावीस क्रमांकाच्या रुग्णाची शाई पसरली.

"उचला ती!" मी ओरडले.

"पाणी स्वच्छ आहे," तो गडबडून म्हणाला. "म्हणजे... बाटलीबाहेरचं. आतल्याचं अजून सांगता येत नाही."

"हा विनोद होता का?"

"होता. आता नाही वाटत."

तो स्थापत्य अभियांत्रिकीचा. टाक्यांवर चढून पाण्यात क्लोरीन आहे की नाही ते तपासायचा. मुले त्याला प्लंबर म्हणत. मनुष्यबळ कमी होते, म्हणून त्याला माझ्याच जोडीला दिले. वसतिगृहाच्या पूर्व इमारतीचे सत्तेचाळीस जण केंद्रात दाखल होते, त्यांचे अर्ज त्याने भरायचे. पश्चिम इमारतीचे उरलेले आजारी खोल्यांतच होते, त्या खोल्या मी फिरायच्या. अर्ज मी आखला होता. पट्टी लावून, दोन रंगांत.

"तुम्ही नेहमीच इतक्या रागावता?" चहाचा कप माझ्यापुढे सरकवत त्याने दुपारी विचारले.

"नाही. झोपेत नाही."

"तेवढी तरी विश्रांती हवीच," तो गंभीरपणे म्हणाला. "सकाळपासून हा चौथा राग. मी मोजतोय."

पाचवा मी त्याला लगेच दिला. पण कप संपवला... आणि तो टाकीवर जायला निघाला, तेव्हा शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत माझी नजर त्याच्यामागे का गेली, हे मी स्वतःलाही विचारले नाही.

खाली येऊन त्याने बाटलीत तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकले आणि ती उजेडात धरली. "क्लोरीन असतं तर हे पिवळं झालं असतं. पूर्वेच्या टाकीत काहीच नाही बघा."

"आलेख काही वेगळं सांगतोय," मी म्हटले. सत्तेचाळीस जण एकाच दिवशी, मंगळवारी, आजारी. आलेखात मंगळवारचा खांब खांबासारखाच उभा होता. एकाच दिवशी एवढे आजारी पडतात, तेव्हा कारण बहुधा एकच जेवण असते, असे आम्हाला शिकवलेले. सोमवारचे जेवण खानावळीतले. मी आलेख अधिष्ठात्यांकडे दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीला कुलूप लागले आणि सतरा वर्षे तिथे रांधणाऱ्या काकूंना सामान आवरायला सांगितले गेले.

कुलूप लागून दोन दिवस झाले, आणि आणखी अकरा जण आजारी पडले. अकराही पूर्वेचे.

मी धावत केंद्रात गेले. पहिल्याच खाटेवरच्या मुलीला विचारले, तुला कधीपासून होतंय? ती म्हणाली, "शनिवारपासून. रविवार-सोमवार जोडून सुट्टी, तुमचं केंद्र बंद होतं ना, मग मंगळवारी आले."

मी तिचा अर्ज काढला. तारखेच्या रकान्यात मंगळवार. शेजारच्याचाही मंगळवार. सगळ्यांचाच!

तो दाराशी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. मी अर्ज त्याच्यापुढे आपटले. "काय केलंस तू हे? आजारी कधी पडले ते विचारायचं होतं! दाखल कधी झाले ते नाही!"

"तू म्हणालीस..." तो पुटपुटला.

"काय म्हणाले मी?"

"मला 'तू' म्हणालीस."

"मी इथे ओरडतेय!"

"हो. ऐकू येतंय." त्याने अर्ज उचलला, शांतपणे माझ्यापुढे धरला. "इथे काय लिहिलंय, वाच."

तिथे लिहिले होते: तारीख. नुसते 'तारीख'. माझ्या अक्षरात, पट्टीने आखलेल्या दोन रेघांमध्ये. कशाची, ते नव्हतेच. मला ठाऊक होते, म्हणून जगाला ठाऊक असणार, असे मी धरून चालले होते. डोक्यात चढलेल्या रागाला खाली उतरायला जिनाच सापडेना.

त्या दुपारी आम्ही दोघांनी खाटा वाटून घेतल्या आणि सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस जणांना पुन्हा विचारले. नवा आलेख काढला, तेव्हा मंगळवारचा खांब विरघळला. शनिवारपासून मंगळवारपर्यंत रोज थोडी वर चढणारी पायऱ्यांची रांग उरली. रोज पोटात जाणारे काहीतरी. आणि पश्चिमेचे थोडे सोडले, तर सगळे पूर्वेच्या टाकीचे पाणी पिणारे.

"सरांना मी सांगतो," जिना चढताना तो म्हणाला. "अर्ज मी भरले. चूक माझी म्हणून मोकळं होऊ."

"खबरदार!"

"अगं, माझं काय जाणारे? मी प्लंबर. तुझं नाव आहे विभागात—"

"म्हणून माझी चूक तू घालून मिरवणार? माझी आहे ती. मला हवी आहे!"

तो दोन पायऱ्या मागे राहिला. वळून पाहिले, तर हसू दाबत होता. मला त्याचाही राग आला, आणि तो हसताना इतका बरा दिसतो याचा त्याहून जास्त.

अधिष्ठात्यांनी दोन्ही आलेख पाहिले, चष्मा काढला. "अहवाल वर गेलाय. आता बदलला, तर हसं होईल आपलं."

"हसं माझं होईल, सर. अर्ज मी आखलाय. यांनी टाकीचं सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही. पण पोरं अजून तेच पाणी पितायत."

"टाकी दोन महिन्यांपूर्वीच धुतली आहे."

"मग ती चालू ठेवावी, असं लिहून द्या. सहीनिशी."

माझा आवाज बाहेरच्या कारकुनापर्यंत गेला असावा, कारण तिथली खुर्ची करकरली. सरांनी पेनाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि फोन उचलला. पूर्वेच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, टँकर मागवायचा, खानावळ उघडायची. फोन ठेवून ते म्हणाले, "आणि उद्यापासून तुम्ही या पथकात नाही."

प्लंबर काहीतरी बोलणार होता. मी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने तोंड मिटले.

काकू खानावळीच्या बंद दारापाशी बाकावर बसल्या होत्या. मी सगळे सांगितले आणि माफी मागितली. त्यांनी माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

"माझ्या कानात काय सांगतेस बाई? हे बघ." दारावर कुणीतरी खडूने लिहिले होते: विषघर. "ज्यांनी लिहिलं, त्यांना वाचता येतं. त्यांच्यासाठी लिही."

कुलूप काढून त्या आत गेल्या, आणि भांडी मुद्दाम आदळल्याचा आवाज येऊ लागला. त्यांचा राग रास्त होता. मी तो मुकाट्याने घेतला. दार पुसले. खडूने लिहिले: 'साथ पाण्यातून आली. खानावळीचा दोष नाही. चूक माझ्या अर्जाची.'

"आमच्या," मागून आवाज आला. "'आमच्या अर्जाची' असं लिही."

"पुन्हा सुरू झालं तुझं?"

"नाही. ऐकून घे." तो हसत नव्हता. "पहिल्याच दिवशी मला प्रश्न पडला होता, तारीख कशाची? तुला विचारायला निघालो होतो. मग... नाही विचारलं."

खडू माझ्या हातात तसाच राहिला. "का?"

"सकाळपासून तू पाच वेळा रागावली होतीस."

"मला घाबरलास?" माझा आवाज फाटला. "त्या बाईंचं घर उठत होतं, अकरा पोरं आडवी झाली... आणि तू मला घाबरून गप्प बसलास?"

"तुझ्या रागाला नाही घाबरलो." तो खाली पाहत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "वाटलं, सहाव्यांदा रागावलीस, तर दुसरा जोडीदार मागशील. आणि मला... तुझ्याच टेबलाशी बसायचं होतं."

मला त्याला झोडपावेसे वाटले. त्याच्या खांद्यावर डोके टेकावेसे वाटले. दोन्ही एकाच वेळी, आणि हे शास्त्राच्या कुठल्याच आलेखात बसणारे नव्हते.

"नीट ऐक," मी म्हटले. "मी रागावेन. आज, उद्या, बहुतेक रोज. पण रागावणं वेगळं आणि निघून जाणं वेगळं. यापुढे शंका आली की विचारायचं. त्याच क्षणी. कळलं?"

"कळलं." त्याने वर पाहिले. "मग आत्ता विचारू?"

"विचार."

"निघून नाही ना जाणार?"

आतली भांडी गप्प झाली होती. काकू ऐकत असाव्यात. मी दाराकडे वळले, तळव्याने 'माझ्या' पुसले, आणि अजून रागानेच, खडू मोडेल इतका दाबून, तिथे 'आमच्या' लिहिले.