सुलाबाईंची खबर

आवाज ओळखीचा निघाला आणि माणूस पार अनोळखी!

ताडकळसच्या आठवडी बाजारात परतीच्या पावसाची सर आली, तशी सुकेशनी समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली घुसली. खांद्याला पर्स, हातात बर्फाचा निळा डबा. आत एक जण पाण्याच्या मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता आणि गिऱ्हाइकाला सांगत होता, "बरं हाय, सगळं बरं हाय... संध्याकाळी घेऊन जा."

त्या 'बरं हाय'वर ती जागच्या जागी थबकली. गेली तीन वर्षं, दर तीन महिन्यांनी, हाच आवाज तिला हेच सांगत आला होता.

"नागसेन... तुम्हीच ना?"

त्याच्या हातातली तार सुटली. "सुकेशनी मॅडम? तुमी... हितं?"

सुकेशनी परभणीच्या एका प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगावर संशोधन करायची. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन रंगवायचा. ती ज्या प्रोटीनच्या मागावर होती ते गाठीत असलं, की काच तपकिरी दिसायची. मग त्या बाईच्या घरी फोन करत राहायचं – कशा आहेत? रंग जितका गडद तितकं आयुष्य कमी, असं तिच्या कामात दिसत चाललं होतं. गडद काचेच्या बायका दोन वर्षंही काढत नव्हत्या. अपवाद एकच, नागसेनची आई सुलाबाई. तिची काच सगळ्यांत गडद, आणि तीन वर्षं झाली तरी बाई ठणठणीत! हाती वाईट रिपोर्ट आला की रडणाऱ्या बायकांना सुकेशनी हळूच सांगायची, "ताडकळसला एक बाई आहे, तिचाही असाच होता. धीर सोडू नका." आता सुलाबाईंचं रक्त तपासायचं होतं; बर्फाचा डबा त्यासाठीच. या बाईत असं काय आहे, जे बाकीच्यांत नाही?

"मावशींना भेटायला आलेय," ती पदराचं पाणी झटकत म्हणाली. "त्यांना फोनवर ऐकू येत नाही म्हणता, म्हटलं आपणच जावं."

नागसेनच्या तोंडचं पाणीच पळालं. "आई... बोरीला गेलीय. मामाकडं."

"मग थांबते."

"लय दिवस लागतील."

"इतकी नकोशी झालेय मी?" ती हसली. तिचे प्रश्न चारच असायचे, दोन मिनिटांचं काम. पण गेल्या वर्षभरात फोन लांबत गेले होते. पावसाचं, कापसाचं, तिच्या डब्यातल्या भाजीचं... अर्धा तास कुठं जायचा ते कळायचं नाही. मागच्या खेपेला तर फोन ठेवून ती उगाच आरशात बघून आली होती. संशोधनात आरशाचं काय काम, ते तिचं तिलाच ठाऊक!

"नकोशा?" तो खाली मान घालून म्हणाला. "तुमचा फोन आला की वेढे मोजायचे चुकतात, मॅडम. सगळी मोटार उकलून पुन्हा भरावी लागती."

"मग उचलू नका."

"न्हाई उचलला तर... मोटार भरायचं मनच व्हत न्हाई."

तिचे कान गरम झाले. लपवायला म्हणून ती वळली, "दुकानामागंच घर म्हणाला होतात ना? पाणी तरी पिते," म्हणत पडदा सारून आत शिरली. "थांबा!" तो ओरडला, पण उशीर झाला होता.

भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. खाली तिसरी, नवी. तिला चंदनाचा हार. 'कालकथित सुलाबाई'. आणि तारीख, तेरा महिन्यांपूर्वीची.

डबा हातातून निसटला, बर्फ फरशीवर सांडला. नको असताना सुकेशनीच्या मनानं हिशेब केला – ऑपरेशनपासून तेवीस महिने. काच खरी होती. खोटा एकटा हा माणूस होता.

"या तारखेनंतर मी पाच फोन केले," तिचा आवाज थरथरत होता. "पाचदा 'बरी हाय' म्हणालात! मी बायकांना धीर देते हो, तुमच्या आईच्या जिवावर!"

"हे न्हवतं मालूम." तो दारातच खाली बसला. "माती झाल्यावर चौथ्या दिवशी तुमचा फोन आला. सांगणारच व्हतो. पण तुमी हसत इचारलं, 'सुलामावशी काय म्हणतात आज?' आख्ख्या गावात त्या दिवशी कुणी असं इचारलं नव्हतं, मॅडम... जणू ती आतल्या घरात भाकरी करायलीय. तोंडातून निघून गेलं, बरी हाय. मग वाटलं, तुमी इचारताव तवर ती हाय."

चिडावं की रडावं, तिला कळेना. तिनं दोन्ही केलं.

"उद्या त्या बायकांना काय सांगू मी?"

"तेवीस महिने काढले म्हणून सांगा. शेवटच्या आठवड्यापतूर शेजारणीशी भांडत व्हती." तो ओल्या डोळ्यांनी हसला. "ते खोटं न्हाई."

तिनं वही काढली. सुलाबाईंच्या नावापुढं तारीख लिहिताना पेन दोनदा अडलं. मग रिकामा डबा उचलून ती निघाली.

"आता फोन न्हाई यायचा ना?" त्यानं मागून विचारलं. ती थांबली नाही.

स्टँडवर परभणीची बस लागलेली होती. एका पायरीवर पाय ठेवून ती तशीच उभी राहिली, मग खाली उतरून तिनं तोच नंबर लावला. नेहमीचाच आवाज काढायचा होता, पण तो काही जमेना.

"नमस्कार. चार प्रश्न विचारायचे आहेत. वेळेवर जेवता का?"

"...आईबद्दल?"

"तुमच्याबद्दल."

"जेवतो... कधी कधी."

"झोप लागते?"

"न्हाई."

"कुठं दुखतं?"

तेरा महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं 'बरं हाय' म्हटलं नाही. तो रडत होता, आणि ती बाजाराच्या गलक्यात फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होती. बस तिच्याशिवाय निघून गेली.

"चौथा प्रश्न ऱ्हायला," शेवटी तोच म्हणाला.

"तो पुढच्या फोनला."

"म्हंजे... तीन महिन्यांनी?"

"उद्या," सुकेशनी म्हणाली. "आणि खरं सांगायचं."